बसून राहायची सुट्टी

आई, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे आणि मला घरात करमत नाही. निकाल लावून झाले, वर्गाच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले आणि दुसऱ्या दिवशी उठले तर हाताला कामच नव्हतं. मुलगा-सून पुण्याला. घरात मी आणि हे, दोन माणसांचा स्वयंपाक तो किती. मी माळा साफ केला. पंखे पुसले. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. काल दुपारी हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, जरा टेक की." मी टेकले. घड्याळाकडे बघत बसले, आणि थोड्याच वेळात उठून खिडक्यांचे पडदे काढून भिजत घालून आले. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. मग तर अशी सुट्टी रोजचीच. कुणाला सांगावं तर माणसं हसतात. नशीबवान आहेस म्हणतात, आता आराम कर. आराम करायला शिकताना मी आयुष्यात एकाच माणसाला पाहिलं आहे, ती तू. म्हणून तुलाच लिहिते आहे.

तुझ्या सुट्ट्या मला आठवतात त्या वाळवणाच्या. धुळ्याला देवपुरातल्या मुलींच्या शाळेत तू वर्षभर मराठी शिकवायचीस, आणि मे महिना लागला की आपल्या गच्चीवर माझ्या वडिलांची, भाऊंची, जुनी धोतरं अंथरली जायची. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, शेवया, मग वर्षाचं तिखट, मग लोणचं. गव्हाचा चीक पहाटेच शिजवायचा, कारण ऊन वर आलं की गच्चीवर पाय ठेववायचा नाही. दुपारी सगळं घर झोपलं की तू पंख्याखाली परीक्षेचे पेपर घेऊन बसायचीस. संध्याकाळी भाऊंच्या गावाकडचं कुणी ना कुणी पाव्हणं यायचं, आणि त्यांच्यापुढे ताट ठेवताना तुझ्या बोटांना लाल शाई लागलेली असायची. शाळेतल्या बाया म्हणायच्या, बाईंना सुट्टी भारी मानवते, बारीक होऊन येतात. तू हसायचीस. तुला ते कौतुक वाटायचं.

मी सातवीची परीक्षा दिली त्या वर्षी तुझं पोटाचं ऑपरेशन झालं. पिशवी काढली हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच सांगितलं की आईच्या पोटात गाठ होती, ती काढली. डॉक्टरीणबाई तुला चांगलं ओळखून होत्या, त्यांची मुलगी तुझ्याच वर्गात. दवाखान्यातून सोडताना त्या भाऊंना म्हणाल्या, "यांना घरी नेऊ नका. घरी नेलं की या आठ दिवसांत गच्चीवर चढतील. वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, जिने नाहीत. अशा ठिकाणी पाठवा जिथे यांना कुणी काम सांगणार नाही." भाऊ विचारात पडले. असं ठिकाण आपल्या माहितीत एकच होतं, जळगावला तुझ्या अक्काचं घर. मावशीच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, काका दिवसभर दालमिलमध्ये. भाऊंनी आपल्याला एस.टी.नं तिथे आणून सोडलं, चहा घेतला आणि परतीच्या गाडीनं निघून गेले. मला कोण आनंद झाला होता. माझ्या पिशवीत कपडे कमी आणि वाचनालयातून आणलेली गोष्टींची पुस्तकं जास्त होती.

तू मात्र पहिल्या दिवसापासून पिंजऱ्यात टाकल्यासारखी. मावशीनं तुझी खाट कूलरसमोर टाकली. वाळ्याच्या ताट्यांमधून गार वारा यायचा, काका जाताना त्यांच्यावर पाणी मारून जायचे. त्या वाऱ्यात कुणीही सुखानं पडलं असतं. तू खाटेवर बसून चादरीचे धागे उपटायचीस. वाळत घातलेले कपडे मावशीनं आत आणून टाकले की तिची पाठ वळेपर्यंत तू घड्या घालून मोकळी. एकदा तू तिच्या डब्यातली तुरीची डाळ ताटात ओतून निवडायला बसलीस. दालमिलवाल्याच्या घरची डाळ ती, तिच्यात खडा कसला सापडतोय!

"अवं, ती डाय निवडेलच हाये," मावशीनं ताट ओढून घेतलं. "तुले डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं? बस सांगतलं. मंग बस नं."

"बसून काय करू?"

"काही नको करू. बस."

हे तुला जमेना. तू चिडचिडी झालीस. कूलर आवाज करतो, रस्त्यावरचे रिक्षावाले भोंगे वाजवतात, मावशी भाजीत तेल फार घालते, एकेक नवीन तक्रार. मावशीनं मला पहाऱ्यावर बसवलं होतं. तू उठलीस की मी ओरडायचं. त्यामुळे तुझा सगळ्यात जास्त राग माझ्यावर. एका दुपारी मी खाली फरशीवर उताणी पडून वाचत होते, फरशी गार लागत होती, शेजारी पाण्यात घातलेले आंबे. तू एकदम कडाडलीस, "सकाळपासून लोळतेयस नुसती! सुट्टी आहे म्हणून काय अशी वाया घालवायची? गणिताचं पुस्तक आणलंयस का?"

मी पुस्तक छातीवर ठेवून विचारलं, "मग सुट्टी कशासाठी असते?"

उलट बोलायचं म्हणून मी बोलले नव्हते. मला खरंच कळत नव्हतं. आता थप्पड बसणार असं वाटून मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तू माझ्याकडे बघत होतीस. वर्गात एखाद्या मुलीनं अवघड प्रश्न विचारल्यावर तू फळ्याकडे वळून थोडा वेळ काढायचीस, तशी खिडकीकडे वळलीस. आज माझ्या वर्गातली मुलं असं काही विचारतात तेव्हा मीही खिडकीकडेच बघते.

कॅरम सापडला तो त्यानंतरच. मावशीच्या मुलींचा जुना बोर्ड पलंगामागे उभा करून ठेवलेला होता. मी तो धूळ झटकून काढला, खेळायला कुणी नाही म्हणून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळू लागले. मावशीनं ते पाहिलं आणि स्टूल आणून तुझ्या खाटेपुढे ठेवलं, त्याच्यावर बोर्ड ठेवला. "मले येत नही," तू म्हणालीस. मावशी म्हणाली, "मले तरी कुठी येते?" बोरिक पावडर नव्हती म्हणून तिनं काकांच्या डब्यातली अंगाला लावायची पावडर भुरभुरली. सगळ्या बोर्डाला चंदनाचा वास.

अजून डोळ्यांसमोर आहे. तू स्ट्रायकर ठेवतेस. सुईत दोरा ओवताना धरतेस तशी बोटं नाजूक धरतेस, आणि पहिलाच फटका इतका जोरात की स्ट्रायकर बोर्डाबाहेर उडून मावशीच्या पायावर. मावशी कळवळते, तू घाबरतेस, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागता. "हसवू नको वं, टाके दुखू राह्यले," तू पोटावर उशी दाबून धरतेस आणि तरीही हसतेस, डोळ्यांतून पाणी. तुला तुझ्या माहेरच्या बोलीत बोलताना मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट ऐकलं. धुळ्याच्या घरी तू शाळेचं मराठी बोलायचीस, भाऊंशीसुद्धा. ही जामनेरच्या शेतात वाढलेली मुलगी मला माहीतच नव्हती.

मग तुला तो नादच लागला. सकाळचा चहा झाला की बोर्ड मांडायचा. तू चांगली खेळायला लागलीस आणि त्याहून लवकर रडीचं खेळायला लागलीस. राणी जवळ आली की तुझा पदर बोर्डावर सांडायचा आणि उचलताना एखादी सोंगटी बरोबर भोकाशी सरकलेली असायची. मी बोंब मारली तर म्हणायचीस, "बाईवर आळ घेतेस? उभी राहा बाकावर." कॉपी करणाऱ्या मुलींचा कर्दनकाळ असलेली माझी आई, आणि मावशी तिला सामील.

त्या पंधरवड्यात तू काय काय केलंस! कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या बर्फाचा गोळा खाल्लास. रस्त्यात उभं राहून खाऊ नये हे तू मला बजावत आली होतीस, आणि कालाखट्ट्यानं जांभळी झालेली जीभ मला काढून दाखवलीस. मावशीनं मांडे केले, आमरस केला, तू दोन वाट्या रस पिऊन भर दुपारी घोरलीस. रिक्षा करून आपण तिघी दुपारच्या खेळाला सिनेमा बघून आलो. तू मध्यंतरापर्यंत नाक मुरडत होतीस आणि शेवटी पदरानं डोळे पुसत होतीस. बाहेर उन्हात आल्यावर म्हणालीस, "अक्का, उद्या परत पाहू का वं?" तुझ्या गालांवर रंग चढला होता. चादरीचे धागे उपटणं बंद झालं होतं. नुसतं खिडकीत बसून समोरच्या कडुनिंबावरच्या पक्ष्यांची भांडणं बघत तू वेळ घालवायचीस. मी हाक मारली तर उशिरानं "हं?" म्हणायचीस.

आणि मग एका रविवारी भाऊ आले. दारातूनच त्यांनी आपल्या गावाकडच्या बोलीत विचारलं, "तब्येत कशी शे?" आणि तुझ्याकडे बघून त्यांना खरंच बरं वाटलं, "बरी दिसी ऱ्हायनी आते." त्यांनी तुझ्यासाठी द्राक्षं आणली होती. भाऊ वाईट नव्हते गं, हे मी तुला काय सांगायचं. जेवताना ते म्हणाले की आजी गावाहून आल्या आहेत, गहू भिजवायचे म्हणताहेत, पण तू नाहीस म्हणून सगळं अडून राहिलंय. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला येतील. "तुला काही करायचं नाही. नुसतं बसून सांगायचं."

तू ताटातला भात कालवत राहिलीस. "बघते," म्हणालीस. आपण कधी निघायचं ते ठरवून भाऊ संध्याकाळी परत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले आहे असं तुम्हां दोघींना वाटलं. मी पुस्तकावर डोकं ठेवून पडले होते. तू हळू म्हणालीस, "अक्का, मले घरी जावाची इच्छाच नही होत वं." मावशीनं उठून दार लोटलं. मग म्हणाली, "असं म्हनू नही." तू म्हणालीस, "म्हनत नही. होते, ते सांगू राह्यली."

तोवर अस्वस्थ तू होतीस. त्या दुपारपासून मी झाले. पुस्तकात लक्ष लागेना. आई घरी आली नाही तर? भाऊंना काय सांगायचं? शाळा सुरू झाल्यावर माझा डबा कोण करणार, असले वेडेवाकडे विचार. तू साडीच्या घड्या पिशवीत घालतेस की नाही हे मी चोरून बघत राहायची. तू कॅरमला बोलावलंस तर माझा नेम चुकायचा, आणि तू न फसवता जिंकायचीस. तू शांत होतीस. तुझं ते शांत असणंच मला भीतीचं वाटत होतं. मला माझी चिडचिडी, घाईची आई परत हवी होती.

निघायच्या दिवशी काकांनी आपल्याला स्टँडवर सोडलं. गाडी लागेपर्यंत थांबतो म्हणाले, तर तूच त्यांना मिलमध्ये पाठवून दिलंस. आपण बाकड्यावर बसलो. धुळ्याची गाडी लागते. माणसं धावतात, खिडक्यांतून रुमाल टाकतात, टोपल्या आत ढकलतात. मी पिशवी उचलून उभी राहते. तू बसलेलीच.

"आई, गाडी."

"गर्दी आहे. पुढची घेऊ."

ते बरोबरच होतं. तुला धक्काबुक्की चालणार नव्हती. पुढची गाडी आली. ती जवळजवळ रिकामी. वाहकानं दारात उभं राहून "धुळे, धुळे, एरंडोल-पारोळा-धुळे" अशी आरोळी दिली, आपल्याकडे बघूनसुद्धा दिली. तू त्याच्याकडे बघितलंस आणि पदरानं वारा घेत राहिलीस. गाडी धूळ उडवत निघून गेली.

"आई, आपण घरी जाणार आहोत ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे, तू मला जवळ ओढलंस. उन्हात बसून तुझा हात तापला होता.

"जाणार गं. कुठं जाणार दुसरीकडे?"

"मग चढलो का नाही?"

तू माझ्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "तिथं गेले की मला कुणी बसू देणार नाही." आणि मग, मला नाही, समोरच्या मोकळ्या फलाटालाच सांगितल्यासारखं, "आणि खरं सांगू का, मीसुद्धा मला बसू देणार नाही. म्हणून जरा बसू दे."

मी बसले तुझ्याशेजारी. काय कळलं मला त्या वयात? एवढंच की ओढायचं नाही. आपण उसाचा रस प्यायलो, तू अजून एक ग्लास मागवलास. एक म्हातारा मुसलमान फेरीवाला अत्तराच्या बाटल्यांची पेटी घेऊन फिरत होता, त्यानं तुझ्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं आणि "घेऊ नका ताई, नुसता वास घ्या," म्हणाला. तू मनगट नाकाशी धरून बसलीस. समोरून आणखी एक गाडी गेली की नाही हे मला आठवत नाही. मग तू आपणच उठलीस, साडी झटकलीस, म्हणालीस, "चल." गाडीत बसल्यावर एरंडोल यायच्या आत तुला झोप लागली. तुझं डोकं माझ्या खांद्यावर. पारोळा गेलं, दोन्ही बाजूंना नांगरून तापत पडलेली काळी रानं, माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी हलले नाही.

घरी काय झालं ते तुला माहीतच आहे, पण मला सांगू दे. दोन दिवस तू खुर्चीवर बसून नुसतं सांगितलंस. तिसऱ्या दिवशी आजींचा चीक पातळ झाला आणि तू पदर खोचून उठलीस. कुणी "ऊठ" म्हटलं नव्हतं. मी जिन्यात आडवी उभी राहिले, तर माझ्या डोक्यावर टपली मारून वर गेलीस. मात्र त्या महिन्याचा पगार झाल्यावर तू भाऊंना कॅरम बोर्ड आणायला सांगितलास. ते म्हणाले, "हिला? अभ्यास सोडून?" तू म्हणालीस, "तिला नाही. मला." भाऊंना कळेना की हसावं का काय. पण त्यांनी आणला, चांगला जड, सागवानी कडेचा. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी आपण दोघी खेळायचो, आणि तुझा पदर बोर्डावर सांडायचा. मग सहामाही आली, पेपर आले, दिवाळी आली. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर ताटं कमी पडली तेव्हा तूच तो बोर्ड वर नेलास आणि त्याच्यावर शेवया पसरल्यास. मी बघत होते. तू माझ्याकडे बघायचं टाळलंस.

तू गेलीस तेव्हा तुझ्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. आता मी तुझ्याहून वयानं मोठी आहे. स्टँडवरच्या त्या बाकड्यावर तू काय ठरवत होतीस, हे मला पुष्कळ वर्षं छळायचं. दुसरं काही तुझ्या मनात होतं का, ती रिकामी गाडी गेली तेव्हा. मावशीला विचारावं म्हणून मी एकदा मुद्दाम जळगावला गेले होते. ती म्हणाली, "काही नही वं. तिले बसाचं होतं." मला ते पटलं नव्हतं. आज कूलरपुढे बसून, उठायची सारखी हुक्की दाबत, पटायला लागलंय. माणसाला नुसतं बसायचं असतं, आणि ते सांगता येत नाही म्हणून इतरांना त्यामागे भलतं काहीतरी आहेसं वाटतं.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही, कुणाला दाखवणारही नाही. लिहिता लिहिता दुपार गेली. मध्ये एकदाच उठले, पाणी प्यायला. मघाशी हे झोपून उठले, चष्मा पुसत दारात येऊन विचारू लागले, "एवढं काय लिहितेयस?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाळेचं काम आहे."

"सुट्टीत?"

"हो ना," मी म्हणाले. "संपतच नाही."